ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन: हायवेवरच्या कॅज्युअल्टीत वापरणारीचा रिव्ह्यू

आज ज्या औषधाबद्दल लिहितेय ते आमच्या कॅज्युअल्टीच्या इमर्जन्सी ट्रेमध्ये अ‍ॅड्रेनलिनच्या शेजारी असतं. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड. आम्ही बोलताना टीएक्सए म्हणतो, सिस्टर लोक ट्रॅनेक्सा म्हणतात. तुमच्यापैकी कितीतरी जणींनी याच औषधाच्या गोळ्या पाळीत जास्त अंगावर जातं म्हणून घेतल्या असतील, स्किनवाले डॉक्टर चेहऱ्यावरच्या वांगासाठी पण देतात. पण मी लिहितेय ते शिरेतून द्यायच्या इंजेक्शनबद्दल आणि मुख्य म्हणजे एकाच कामाबद्दल, अपघातात भळाभळा रक्त जात असलेला पेशंट. मी हायवेलगतच्या एका ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर आहे. इथे सर्जन रोज नसतो, ब्लड बँक नाही, स्टोरेज युनिट आहे पण त्यात हवा तो ग्रुप सापडेलच असं नाही, आणि सिव्हिलला पोचायला रस्ता मोकळा असला तरी तास तरी जातोच. अशा ठिकाणी काम करताना या औषधाबद्दल दोन टोकाची मतं कानावर येतात, एक म्हणजे "काही उपयोग नाही हो, आपलं द्यायचं म्हणून द्यायचं" आणि दुसरं म्हणजे "ट्रॅनेक्सा दिलंय ना, मग आता टेन्शन नाही". दोन्ही चूक आहेत आणि दोन्हीमुळे पेशंटचं नुकसान होतं, म्हणून एवढं सविस्तर लिहायला बसले.

आधीच सांगून ठेवते, हे वाचून कुणी मेडिकलमधून आणून घरी द्यायचं नाही. वाहत्या जखमेवर पहिला इलाज हाताने घट्ट दाबून धरणं हाच आहे, स्वच्छ कापड ठेवा, जोर लावा आणि हात काढू नका, दर दोन मिनिटांनी उचलून बघू नका, आणि १०८ ला फोन करा. औषध त्याच्यानंतरचं.

आता हे करतं काय. जखम झाली की रक्त गोठतं, म्हणजे फायब्रिन नावाच्या धाग्यांची एक जाळी तयार होते आणि भोक बुजतं. त्याच वेळी शरीरात ही जाळी विरघळवणारी यंत्रणा पण असते, प्लास्मिनोजेनपासून प्लास्मिन बनतं आणि ते फायब्रिन तोडतं. एरवी हे चांगलंच आहे, नाहीतर रक्तवाहिन्या तुंबल्या असत्या. पण मोठ्या अपघातात, पेशंट शॉकमध्ये गेलेला असतो, म्हणजे रक्त कमी पडून बीपी कोसळलेलं असतं, तेव्हा ही विरघळवण्याची यंत्रणा कधी कधी सुरुवातीलाच बेफाम सुटते, म्हणजे इकडे गुठळी बनतेय आणि तिकडे लगेच वितळतेय. प्लास्मिनोजेनला फायब्रिनवर बसायला लायसिनच्या ठरलेल्या जागा लागतात. टीएक्सए दिसायला लायसिनसारखं असल्यामुळे ते प्लास्मिनोजेनच्या त्या पकडीत आधीच जाऊन बसतं, एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना तसं, आणि मग प्लास्मिनोजेनला फायब्रिनवर जागा मिळत नाही. लक्षात घ्या, यात नवीन गुठळी बनत नाही, जी बनलीय ती टिकते एवढंच. हा फरक कळला की या औषधाकडून किती अपेक्षा ठेवायची ते आपोआप कळतं. मांडीची मोठी आर्टरी तुटली असेल तर टिकवायला गुठळीच नाही, तिथे दाब, टुर्निके (हातापायाला वरून आवळून बांधायचा पट्टा) आणि सर्जन.

हे औषध शोधलं जपानमधल्या एका नवरा-बायकोने, शोसुके आणि उताको ओकामोटो. दुसरं महायुद्ध संपल्यानंतरचा काळ, पैसे नाहीत, साधनं नाहीत, म्हणून रक्तावरच संशोधन करायचं ठरवलं, कारण काहीच नाही मिळालं तर स्वतःचं रक्त तरी वापरता येईल. उताकोबाई लहान मुलीला पाठीवर बांधून लॅबमध्ये काम करायच्या. आधी त्यांनी एप्सिलॉन अमिनोकॅप्रोइक अ‍ॅसिड अभ्यासलं, मग त्याच्यापेक्षा कितीतरी पट ताकदीचं टीएक्सए, त्याचा पेपर १९६२ मध्ये आला. बाईंच्या मनात होतं बाळंतपणात रक्तस्राव होऊन जाणाऱ्या बायकांना वाचवायचं, पण तिथल्या प्रसूतीतज्ज्ञांना त्याची ट्रायल घ्यायला काही त्या पटवू शकल्या नाहीत. औषध दात काढताना, पाळीसाठी, ऑपरेशनमध्ये असं वापरात राहिलं आणि अपघाताच्या पेशंटपर्यंत पोचायला जवळपास पन्नास वर्षं गेली. बाळंतिणींवरची मोठी ट्रायल, वुमन, २० हजारांवर बायकांची, तिचा निकाल २०१७ मध्ये आला आणि रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी झाल्याचं दिसलं, पण उताकोबाई २०१६ मध्येच गेल्या, ९८ वर्षांच्या होऊन. मला हे प्रत्येक वेळी आठवतं आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं.

अपघातासाठीचा मुख्य पुरावा म्हणजे क्रॅश-२ ही ट्रायल. लंडनच्या स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनने चालवली, ४० देश, २७४ हॉस्पिटलं, २०,२११ पेशंट, २०१० मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आली. आणि हे श्रीमंत देशातल्या चकचकीत ट्रॉमा सेंटरपुरतं नव्हतं, त्यात भारतातले पेशंट खूप मोठ्या संख्येने होते, म्हणजे "ते तिकडचं, आपल्याकडे लागू नाही" हा मुद्दा इथे चालतच नाही. निम्म्यांना टीएक्सए, निम्म्यांना नुसतं सलाईन, कुणाला काय दिलं ते डॉक्टरलाही माहिती नाही. टीएक्सए घेतलेल्यांमध्ये १४.५ टक्के गेले, न घेतलेल्यांमध्ये १६ टक्के. फक्त रक्तस्रावाने गेलेले बघितले तर ४.९ आणि ५.७.

आता हे वाचून कुणी म्हणेल दीड टक्क्याचा तर फरक. मी पण हे आकडे बराच वेळ उलटेसुलटे करून बघितलेत. दीड टक्का म्हणजे साधारण ६७ पेशंटना दिलं की एक जास्तीचा माणूस जिवंत घरी जातो. आपल्या राज्यात रस्त्यावरच्या अपघातात वर्षाला किती हजार माणसं मरतात ते पेपरात वाचतोच आपण, त्यातली बहुतेक तरुण, कमावती, टू-व्हीलरवरची. त्या हिशोबात हा एक माणूस लहान नाही. आणि किंमत काय, तर एक ग्रॅमला ५०० मिलिग्रॅमच्या दोन अँप्युल. केंद्राच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत असल्यामुळे किमतीवर सरकारी मर्यादा आहे, जागतिक आरोग्य संघटनेने पण २०११ मध्येच अपघातातल्या वापरासाठी आपल्या यादीत घेतलंय. फ्रीज लागत नाही, लाईट गेली तरी काही बिघडत नाही, रक्तासारखं क्रॉसमॅच (जुळतं का ते तपासणं) नाही, ग्रुप बघायचा नाही. लोडशेडिंगच्या गावात या गोष्टीची किंमत काय असते ते इथे काम केलेल्यालाच कळेल.

पण या औषधाचा सगळा जीव वेळेत आहे. माझ्या या अख्ख्या रिव्ह्यूमधली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. क्रॅश-२ चेच पेशंट वेळेप्रमाणे वेगळे करून २०११ मध्ये परत तपासले, तर लागल्यापासून एका तासाच्या आत औषध मिळालेल्यांमध्ये रक्तस्रावाने मरण्याचा धोका ३२ टक्के कमी, एक ते तीन तासांत २१ टक्के कमी, आणि तीन तासांनंतर दिलं तर धोका उलटा वाढला, ४४ टक्के. परत वाचा, वाढला. म्हणजे तेच औषध, तीच अँप्युल, सकाळी ८ ला अपघात झाला आणि ९ च्या आत दिलं तर तारतं, ११ नंतर दिलं तर त्रासच देऊ शकतं. नंतर २०१८ मध्ये ४० हजारांवर पेशंटची माहिती एकत्र करून बघितली, त्यात बाळंतिणी पण होत्या, तेव्हा दिसलं की दर १५ मिनिटांच्या उशिरामागे फायदा साधारण १० टक्क्यांनी घटत जातो. पंधरा मिनिटं म्हणजे काय असतं कॅज्युअल्टीत? केसपेपर काढणं, पोलिसांना एमएलसी (पोलीस केसची नोंद) कळवणं, नातेवाईकांपैकी एकजण मेडिकलला जाऊन परत येणं. संपली पंधरा मिनिटं.

इथेच माझी मुख्य तक्रार आहे, आणि ती औषधाबद्दल नाही, आपल्या पद्धतीबद्दल आहे. मी आधी एका ठिकाणी काम करत होते, नाव लिहीत नाही, तिथे हे इंजेक्शन स्टोअरच्या कपाटात कुलपात असायचं, रात्री किल्ली फार्मसिस्टच्या घरी. मग चिठ्ठी लिहायची, बाहेरून आणा. रात्री दोन वाजता पेशंटचा भाऊ, अंगावरच्या शर्टाला रक्त लागलेलं, गावातलं बंद मेडिकल उघडायला शटर वाजवतोय, आणि इकडे आम्ही नुसती सलाईनं चढवतोय. हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि त्याचा राग अजून जात नाही, कारण यात पैशांची अडचण नव्हतीच, फक्त दोन अँप्युल ट्रेमध्ये ठेवायच्या होत्या. आता जिथे आहे तिथे आमच्या इनचार्ज सिस्टरनी एक साधी गोष्ट केलीय. एका झिपच्या पिशवीत दोन अँप्युल, दहाची सिरिंज, १०० एमएल एनएस (साधं सलाईन), एक आयव्ही सेट आणि वर पट्टीवर मोठ्या अक्षरात "ट्रॉमा, लागल्याची वेळ विचारा". अशा दोन पिशव्या ट्रेमध्ये, वापरली की त्याच शिफ्टला भरायची. मॅडम येईपर्यंत थांबायचं नाही, पिशवी काढून फोडून तयार ठेवायची.

दुसरी तक्रार रेफर करताना. पेशंट आमच्याकडून सिव्हिलला जातो, कधी तिथून मेडिकल कॉलेजला, आणि चिठ्ठीवर नुसतं "इंज. ट्रॅनेक्सा दिले" एवढंच असतं. किती वाजता? किती? पुढच्या डॉक्टरने काय समजायचं? कुणी परत पहिला डोस देतं, कुणी दुसरा देतच नाही, कुणी अपघात होऊन पाच तास झाल्यावर पहिल्यांदा चालू करतं. माझ्या चिठ्ठीवर तीन वेळा असतात, लागल्याची वेळ, पहिला ग्रॅम सुरू केल्याची वेळ, दुसरा ग्रॅम किती वाजता लावला ती वेळ, आणि तेच पेशंटच्या हातावरच्या चिकटपट्टीवर पण लिहून देते, कारण कागद गाडीत हरवतात. लागल्याची वेळ काढणं वाटतं तेवढं सोपं नाही हां. "आत्ताच झालं डॉक्टर" असं सगळेच म्हणतात. मग विचारायचं, कारखान्याचा भोंगा झाला होता का, शाळा सुटली होती का, पहिला फोन कधी आला ते मोबाईलमध्ये बघा. मोबाईलचा कॉल लॉग सगळ्यात खरा.

देण्याची पद्धत, जे वापरणारे आहेत त्यांच्यासाठी. मोठ्या माणसाला पहिला १ ग्रॅम १० मिनिटांत, मग दुसरा १ ग्रॅम पुढच्या ८ तासांत. शिर मिळेल ती घ्या पण जमलं तर हिरवी १८ नंबरची जाड सुई. आम्ही दोन अँप्युल १०० एमएल एनएसमध्ये टाकून जवळजवळ सोडूनच देतो, नेहमीच्या २० थेंबांच्या सेटवर मिनिटाला २०० थेंब होतात, ते काही मोजता येत नाहीत, घड्याळ लावून बाटली १० मिनिटांत संपते का एवढं बघायचं. सिरिंजने द्यायचं असेल तर मिनिटाला एक एमएल, सावकाश, कारण भसकन ढकललं की बीपी आणखी खाली येतं, आणि या पेशंटकडे खाली यायला बीपी शिल्लक नसतं. दुसरा ग्रॅम ५०० एमएलमध्ये, मिनिटाला साधारण २१ थेंब, गाडीत धरायला ते सोपं जातं, ब्रदरला फक्त सांगायचं की ही बाटली धावती करू नका, पळवायची असेल ती दुसऱ्या हाताची. ज्या लाईनमधून रक्त चाललंय त्यात हे सोडायचं नाही, पेनिसिलिनबरोबर मिसळायचं नाही. लहान मुलांना वजनावर, किलोला १५ मिलिग्रॅम, आणि एक ग्रॅमच्या वर नाही. किडनी खराब असलेल्याला पुढचा डोस जपून.

दिल्यावर काय दिसतं? काहीच दिसत नाही. हे मुद्दाम सांगतेय, कारण बऱ्याच जणांचा विश्वास इथेच उडतो. गेल्या ऊस सीझनमध्ये रात्री एक मुलगा आला, बाईकवरून मागून ट्रॉलीवर धडकलेला, ट्रॉलीला ना दिवा ना रिफ्लेक्टर, कमरेचं हाड मोडलेलं, बीपी ७० वर, अंग थंडगार, घामाने ओला. कंबरेला चादर घट्ट बांधली, दोन लाईन, पिशवी फोडली, औषध लागलं. दहा मिनिटांनी नाडी होती तशीच फास्ट, रंग तसाच पांढरा. नव्या आलेल्या इंटर्नने हळूच विचारलं, मॅडम काहीच फरक नाही, परत देऊया का? नाही द्यायचं. त्याला घोंगडी पांघरली, कारण अंग गार पडलं की रक्त नीट गोठत नाही, सिव्हिलच्या ब्लड बँकेला फोन केला, गाडी काढली. तो मुलगा वाचला, तिथे रक्ताच्या पिशव्या चढल्या, बाहेरून रॉड लावले, दोन महिन्यांनी काठी घेऊन भेटायला आला. आता तो टीएक्सएमुळे वाचला का, तर मला माहिती नाही आणि कुणालाच सांगता येणार नाही. चादरीने वाचला असेल, रक्ताने, ऑर्थोच्या सरांनी. ६७ मधला एक कोण ते कधीच कळत नाही. म्हणून या औषधाचा रिव्ह्यू कुणा एका डॉक्टरच्या अनुभवावरून होऊच शकत नाही, माझ्याही नाही, त्याला २० हजार पेशंट लागले. "मी एवढ्यांना दिलं, मला तर काही फरक वाटला नाही" असं म्हणणाऱ्या सीनियर मंडळींना मी आदराने एवढंच म्हणते की सर, वाटणारच नाही.

क्रॅश-२ मध्ये अजून एक गोष्ट होती जी फार कुणी सांगत नाही, दोन्ही गटांत रक्त लागलेल्यांचं प्रमाण जवळपास सारखंच होतं, निम्म्यांना चढवावं लागलं. तेव्हा ट्रॅनेक्सा दिलं म्हणून रक्ताची सोय नको, असं समजू नका. दाता शोधणं, ब्लड बँकेला फोन, हे सगळं त्याच वेळी चालू पाहिजे.

भीती असते ती गुठळ्यांची. फिजिशियन मंडळी विचारतात, हार्ट अटॅक येईल, डीव्हीटी म्हणजे पायाच्या शिरेत गुठळी होईल, कशाला देता. क्रॅश-२ मध्ये असे त्रास टीएक्सए घेतलेल्यांमध्ये वाढले नव्हते. डोस भरमसाट वाढवला तर झटके येऊ शकतात, ते मोठ्या हार्ट ऑपरेशनमध्ये दिसलंय, म्हणून "जास्त दिलं तर जास्त फायदा" हे डोक्यातून काढायचं, २ ग्रॅम म्हणजे २ ग्रॅम. डोक्याला मार असेल तर? त्यासाठी क्रॅश-३ झाली, २०१९, १२ हजारांवर पेशंट. सगळे एकत्र धरले तर फरक ठाम नाही, पण ज्यांचा मार सौम्य ते मध्यम होता आणि ज्यांना तीन तासांच्या आत मिळालं त्यांच्यात डोक्याच्या माराने होणारे मृत्यू कमी होते, ७.५ वरून ५.८ टक्के. पूर्ण बेशुद्ध, दोन्ही बाहुल्या मोठ्या झालेल्या पेशंटमध्ये फायदा दिसला नाही. म्हणजे जो बोलत बोलत आलाय त्यालाच लवकर द्यायचं, आणि आपण नेमकं त्यालाच "बोलतोय ना, सीटी होऊ दे मग बघू" करून बसवतो.

बाजूच्या औषधांबद्दल पण लिहिते कारण आपल्याकडे ब्लीडिंग म्हटलं की एक ठरलेला काढा असतो, एथॅमसिलेट, व्हिटॅमिन के, आणि सापाच्या विषापासून बनवलेलं ते हिमोकोअ‍ॅग्युलेज, तिन्ही एकाच सलाईनमध्ये. अपघाताच्या पेशंटचा जीव वाचतो असं दाखवणारी क्रॅश-२ च्या तोडीची ट्रायल यातल्या एकाहीची नाही. व्हिटॅमिन के वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी) घेणाऱ्याला लागतं, लिव्हर खराब असलेल्याला लागतं, धडधाकट पंचविशीतल्या पोराला मांडीच्या जखमेसाठी नाही. या तिघांची बिलं नातेवाईकांच्या माथी आणि वेळ जातो तो वेगळा. मोठ्या हॉस्पिटलातल्या महागड्या औषधांचं पण तसंच. फॅक्टर सेव्हन, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या एका घटकाचं इंजेक्शन, एका डोसला हजारो रुपये, अपघातातल्या त्याच्या मोठ्या ट्रायलमध्ये मृत्यू कमी झाले नाहीत. प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स, म्हणजे अशाच काही घटकांचं मिश्रण, त्याची फ्रान्समधली ट्रायल २०२३ मध्ये आली, रक्त कमी लागलं नाही, वर गुठळ्यांचा त्रास जास्त. एक स्वस्तातली गोष्ट मात्र खरंच लागते, कॅल्शियम. रक्ताच्या पिशवीत रक्त गोठू नये म्हणून घातलेलं सायट्रेट शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं आणि कॅल्शियमशिवाय रक्त गोठत नाही, म्हणून भराभर पिशव्या चढत असतील तर कॅल्शियम ग्लुकोनेटचा विसर पडू देऊ नका.

टीएक्सए कुठे देऊ नये ते पण सांगायला हवं. रक्ताची उलटी, काळी शी, म्हणजे जठर-आतड्यांतला रक्तस्राव, यासाठी हॉल्ट-इट नावाची १२ हजार पेशंटची ट्रायल २०२० मध्ये आली, फायदा शून्य आणि शिरेतल्या गुठळ्या, झटके जास्त. तरी आपल्याकडे दारूने लिव्हर गेलेल्या प्रत्येक पेशंटला सर्रास लावलं जातं. आणि साप. घोणस किंवा फुरसं चावून हिरड्यांतून रक्त येतंय तर तिथे औषध एकच, अँटिव्हेनम, ते सोडून ट्रॅनेक्सावर वेळ घालवणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

पॅकिंगवर मात्र मी खरंच नाराज आहे. पाच एमएलची काचेची अँप्युल, बारीक अक्षर, बऱ्याच कंपन्यांची अँप्युल दिसायला मणक्यात देतात त्या भुलीच्या इंजेक्शनसारखीच. सिझेरियनच्या टेबलावर दोन्ही शेजारी ठेवलेल्या असतात, घाईत हात चुकतो, आणि टीएक्सए मणक्यात गेलं तर झटके येऊन पेशंट दगावू शकतो. हे एखाददुसऱ्या ठिकाणी झालेलं नाही, जगभर इतक्या वेळा झालंय की जागतिक आरोग्य संघटनेला २०२२ मध्ये खास इशारा काढावा लागला. उपाय अवघड नाही, टीएक्सए भुलीच्या ट्रॉलीवर ठेवायचंच नाही, वेगळ्या डब्यात, लेबल दिसेल असं आडवं. कंपन्यांनी रंगीत लेबल आणि वर ठळक "फक्त शिरेतून" छापलं तर त्यांचं काय जातंय? या एका गोष्टीसाठी मी अर्धा स्टार कापतेय आणि तो परत देणार नाही, लेबल बदलेपर्यंत.

गाडीतच द्यावं का, यावर अजून वाद आहे आणि तो प्रामाणिक वाद आहे. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जर्मनीत पॅच नावाची ट्रायल झाली, २०२३ मध्ये आली, तिथे गाडीतच टीएक्सए दिलं. सहा महिन्यांनी किती जण चांगल्या स्थितीत आहेत हे बघितलं तर फरक नाही, पण २८ दिवसांतले मृत्यू १७.३ आणि २१.८ टक्के, टीएक्सए घेतलेल्यांमध्ये कमी. काहीजण म्हणतात वाचलेल्यांतले बरेच जण अपंगत्व घेऊन जगतात मग काय उपयोग. मी याच्याशी सहमत नाही. एक तर तिकडे गाडीतून उतरलं की समोर ट्रॉमा सेंटर, सर्जन तयार, रक्त तयार, आमच्याकडे त्याच्यात दोन-तीन तास जातात, तर लवकर मिळण्याचं महत्त्व इथे जास्त. आणि दुसरं म्हणजे घरच्या माणसांना विचारा. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ च्या गाडीत डॉक्टर असतो, लाईन लावता येते, मग जखम दाबून, लाईन लावून, तिथेच घड्याळ बघून सुरू करायला काय हरकत आहे. शिर मिळत नसेल तर दंडात-मांडीत द्यायचा पण अभ्यास झालाय, जखमी पेशंटमध्ये स्नायूतून दिलेलं औषध काही मिनिटांतच रक्तात पुरेसं पोचलं. हे पक्कं होऊन आलं तर उपकेंद्रातल्या एएनएम ताईंच्या हातात पण देता येईल.

पाचपैकी साडेचार. आणि ज्यांच्या तालुक्याला ग्रामीण रुग्णालय आहे त्यांनी, विशेषतः पत्रकार आणि रुग्ण कल्याण समितीवरच्या मंडळींनी, पुढच्या वेळी गेलात की विचारा, ट्रॅनेक्सा कॅज्युअल्टीच्या ट्रेमध्ये आहे का, की स्टोअरमध्ये, आणि रात्री त्या स्टोअरची किल्ली कुणाकडे असते.